धुळ्याला निघालेली व्हॅन

काकांच्या व्हॅनला कधीच काही झालेलं नसायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाचाही गैरसमज होईल. मागून काळा धूर निघाला तर तो थंडीचा धूर असायचा, मग मे महिना का चालू असेना. गिअर पडला नाही तर गाडी अजून तापली नव्हती, आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली तर गाडी जरा जास्त तापली होती, बाकी काही नाही. एकदा तिचा सरकता दरवाजा रुळातून निखळून माझ्या अंगावर कलला. मी दोन्ही हातांनी तो पेलून उभी, आणि काका म्हणाले, ‘‘तू जोर फार लावतेस. अलगद ओढायचा असतो.’’

काका म्हणजे नात्याने माझे कुणी नव्हेत. लग्न होऊन मी पुण्याहून दिल्लीला आले ती थेट लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आणि आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, काका आणि काकू राहायचे. काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्याशी हिंदीत कसं भांडायचं ते शिकवलं. पुढे काका निवृत्त व्हायच्या सुमाराला दोन्ही घरांनी नोएडाला एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले. तिथेही ते वर आणि आम्ही खाली. मुलगा त्यांचा परदेशात, माझ्या मुलांना आजी-आजोबा लांब, त्यामुळे कुणाचं घर कुठे संपतं हे आम्ही कधी फारसं बघितलं नाही.

काकांची सगळी नोकरी हिशेबतपासणीत गेली. दुसऱ्यांनी केलेल्या खरेदीत खोट काढायची, हे त्यांचं काम. त्यात ते इतके वाकबगार होते म्हणे, की ते येणार कळलं की त्या ऑफिसातली माणसं रजेवर जायची. कुठलीही खरेदी करायची तर तीन कोटेशनं घ्यायची आणि ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला काम द्यायचं, हा सरकारी नियम. ह्या सगळ्यात कमी दरवाल्याला ऑफिसच्या भाषेत ‘एल-वन’ म्हणतात. बाकीची माणसं संध्याकाळी हा नियम ऑफिसात ठेवून घरी येतात. काका तो डब्याबरोबर घरी आणायचे. मेथीची जुडी घ्यायची तरी तीन गाडेवाल्यांना भाव विचारायचे आणि एल-वन मेथी घेऊन वर यायचे. ती मेथी काकू निवडायच्या आणि उरलेली चार पानं त्यांच्या समोर ठेवायच्या.

‘‘आमचं लग्नसुद्धा असंच ठरलं,’’ काकू मला सांगायच्या. ‘‘मी तिसरी होते. दोन मुली बघून आले होते आधी.’’

‘‘मग तुम्ही एल-वन होतात का?’’

‘‘ते मी आजपर्यंत विचारलं नाही,’’ काकू म्हणायच्या. ‘‘तूही विचारू नकोस.’’

तर अशा माणसाने निवृत्त झाल्यावर जुनी व्हॅन घेतली. साधीसुधी नव्हे, चांगली तेरा माणसांची, लांबलचक, डिझेलवर चालणारी. नोएडातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात ती कामगारांना आणायला-पोचवायला सात वर्षं धावली होती. घरात माणसं दोन आणि गाडी तेरांची, हे कसं, असं माझ्या नवऱ्याने विचारलं. काका म्हणाले, दिल्लीतला मराठी माणूस विखुरलेला आहे, त्याला एकत्र आणायला मोठी गाडीच पाहिजे. शिवाय लहान गाडीचे तीन दर त्यांनी काढले होते, त्यांपेक्षा ही मोठी स्वस्त पडत होती. ती स्वस्त का पडते आहे, हा प्रश्न विचारायची पद्धत सरकारात नाही.

पण खरं कारण काकूंनी मला सांगितलं. त्यांचं माहेर धुळ्याचं. आई लहानपणीच गेली, आणि काकूंना मोठं केलं ते त्यांच्या ताईने, म्हणजे सतरा वर्षांनी मोठ्या बहिणीने. वेणी घातली ताईने, शाळेत सोडलं ताईने, लग्नात पाठवणीच्या वेळी आईसारखी रडलीसुद्धा ताईच. आता ताई पंचाहत्तरीच्या पुढे गेल्या होत्या, घराबाहेर पडत नव्हत्या. इकडे काकूंचे गुडघे गेलेले. रेल्वेच्या पायऱ्या चढणं म्हणजे त्यांना गड चढण्यासारखं वाटायचं. काकांनी व्हॅन घेतली त्या दिवशी त्यांनी ताईंना फोन लावला आणि मोठ्या आवाजात सांगितलं, ‘‘ताई, आता काळजी नाही. उन्हाळ्यात येतो तुमच्याकडे, गाडी घेऊन!’’ काकू त्या दिवशी इतक्या खुश होत्या, की त्यांनी गाडीला ओवाळलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. ते लिंबू बरेच दिवस अख्खं राहिलं, कारण गाडी जागची हललीच नाही.

पहिलं दुखणं क्लचचं निघालं. कुठलाही शहाणा माणूस एका मेकॅनिककडे जाऊन म्हणेल, क्लच बदला. काकांनी तीन मेकॅनिकांकडून दर घेतले आणि प्रत्येक दर पुन्हा फोडला: प्लेटचा वेगळा, प्रेशर प्लेटचा वेगळा, बेअरिंगचा वेगळा, मजुरीचा वेगळा. मग प्रत्येक वस्तूचा एल-वन निराळा निघाला. प्लेट कश्मीरी गेटहून आली, प्रेशर प्लेट मायापुरीहून, आणि बसवायचं काम मिळालं ते आमच्या सेक्टरमागच्या एका सरदारजींना. त्यांनी दोन्ही प्लेटा हातात घेऊन बराच वेळ बघितल्या.

‘‘साहब, ये दोनों एक गाड़ी के नहीं हैं.’’

‘‘दोनों सबसे कम रेट के हैं,’’ काका म्हणाले.

‘‘वो तो दिख रहा है जी.’’

त्या प्लेटा कशाबशा बसल्या आणि पंधरा दिवसांत जळाल्या. काकांनी सरदारजींना जबाबदार धरलं, सरदारजींनी प्लेटवाल्याकडे बोट दाखवलं, प्लेटवाला म्हणाला प्रेशर प्लेट कुणाची घेतलीत त्याला विचारा. प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं. काकांनी आयुष्यभर सरकारी इमारतींत हेच पाहिलं असणार, छप्पर एकाचं, गळती दुसऱ्याची. पण व्हॅनच्या बाबतीत त्यांना त्यात काही खटकलं नाही. पुन्हा तीन कोटेशनं काढली, फक्त ह्या वेळी सरदारजींना त्यातून वगळलं.

असं करत करत त्या गाडीचं काय काय झालं, ते मला स्वयंपाकाच्या फोडणीसारखं पाठ झालं होतं. सेल्फ फिरायचा पण इंजिन उचलायचं नाही, कारण हीटर प्लग गेलेले. हीटर प्लग बदलले तर कळलं की डिझेल पंपच दमलेला आहे. पंपाचं काम केलं तर इंजिनात जोर आला, आणि त्या जोराने रेडिएटरचा जुना पाइप फाटला. पुढच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, बसल्या होत्या, त्यामुळे गाडी सारखी नमस्कार केल्यासारखी वाकून उभी असायची. स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवलं की मग चाकांना निरोप पोचायचा. गाडी दोन लाख दहा हजारांची, आणि माझ्या नवऱ्याच्या अंदाजाने दुसऱ्या वर्षाअखेर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला मागे टाकून पुढे गेला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, हे मी काकांना एकदा ऐकवलं. काका म्हणाले, ‘‘बरोबर. पण मसाला तीन ठिकाणी विचारून घेतलाय.’’

सोसायटीच्या कोपऱ्यावर एक चांगला मेकॅनिक होता. तो पहिल्याच वर्षी गाडीखाली शिरला होता आणि बाहेर येऊन म्हणाला होता, ‘‘अंकल, पहले ब्रेक कराओ, बाकी सब बाद में.’’ त्याचा दर सगळ्यांत जास्त. त्यामुळे त्याचं मत काकांनी ऐकलं, आभार मानले आणि त्याला कायमचं बाद केलं.

ह्या सगळ्यात उन्हाळा यायचा आणि जायचा. दर रविवारी काकू ताईंना फोन करायच्या आणि दर रविवारी शेवटी काका फोन मागून घ्यायचे. ‘‘येतोच आहोत, ताई. एक छोटं काम राहिलंय गाडीचं.’’ पहिल्या उन्हाळ्यात छोटं काम क्लचचं होतं, दुसऱ्या उन्हाळ्यात पंपाचं. एकदा मुलाने परदेशातून रेल्वेची पहिल्या वर्गाची तिकिटं काढून पाठवली. काकांनी ती रद्द केली. ‘‘दारात तेरा माणसांची गाडी आणि आम्ही रेल्वेने जायचं?’’

मी काकूंना म्हटलं, ‘‘तुम्ही एकट्या जा ना! मी येते सोबत, माझी मुलं बघतील त्यांचं. कशाला ह्यांच्या मागे थांबताय?’’

काकू शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, ‘‘अगं, ताईला आता बाकी फार आठवत नाही. पण हे गाडी घेऊन येणार, एवढं तिनं धरून ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी तुझ्याबरोबर रेल्वेतून उतरले तर ती पहिलं विचारील, गाडी कुठे आहे? मग मी काय सांगू? ह्यांची फजिती माझ्या तोंडून तिला सांगायची?’’

‘‘मग काय वाट बघत बसणार?’’

‘‘थोडी बघते,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पण फार नाही.’’

मला त्या माणसाचा मनापासून राग यायचा. असं म्हणतात की राग आला की दहा आकडे मोजावेत. मी शंभरपर्यंत मोजून पाहिले, राग तसाच. आणि गंमत अशी, की त्याच माणसाने माझ्या मुलाला रोज संध्याकाळी गणित शिकवलं, माझी सासू आजारी होती तेव्हा इस्पितळात बाकड्यावर बसून राहिला. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

महाराष्ट्र दिनाचा प्रसंग सांगते, म्हणजे त्या गाडीचं आणि त्या माणसाचं एकत्र दर्शन होईल. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याचं सदन आहे. तिथे कार्यक्रम होता आणि मागून जेवण. काकांनी जाहीर केलं की सोसायटीतले सगळे मराठी लोक व्हॅनमधून जाणार. विखुरलेला मराठी माणूस एकत्र आणायची अखेर संधी आली होती. आम्ही बायका काठापदराच्या साड्या नेसून, पुरुष झब्बे घालून, सरकता दरवाजा अलगद ओढून आत बसलो. काकू पुढे, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. सदनात जेवण असतं हे त्यांना माहीत होतं, पण काकांच्या गाडीतून निघताना त्या नेहमी शिदोरी बरोबर घ्यायच्या.

नोएडातून दिल्लीत शिरतानाच्या पुलावर गाडी ‘फुस्स’ म्हणाली. पांढरी वाफ सुटली, इंजिन धडधडलं आणि बंद. हेड गास्केट, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालची पट्टी, उडालं होतं. मागून हॉर्न, वरून ऊन, आणि खाली उतरलेले आम्ही तेरा जण, एकदम एकत्र आलेले. थोड्या वेळाने एक क्रेनवाला आला. म्हणाला, चार हजारांत सेक्टरपर्यंत ओढून नेतो.

काका म्हणाले, ‘‘आपका रेट ध्यान में रख लिया. दो और आने दीजिए.’’

क्रेनवाल्याला वाटलं चेष्टा करताहेत. तो हसला आणि निघून गेला. मग दुसरा आला, त्याने पाच सांगितले. काका म्हणाले, आता एकच राहिला. तिसरा काही येईना. दुसरा पुढे जाऊन चहा पिऊन परत आला आणि म्हणाला, धूप हो गई है, अब सात लगेगा.

‘‘दर उघडल्यावर वाढवता येत नाही,’’ काका आम्हाला मराठीत म्हणाले, आणि त्याला हिंदीत, ‘‘आप बाद हो गए.’’

माझ्या नवऱ्याने हात जोडले. ‘‘काका, चलो, बस झालं आता. सात तर सात, मी देतो यार.’’

‘‘प्रश्न पैशांचा नाही,’’ काका म्हणाले.

‘‘मग कशाचा आहे?’’ मी भर पुलावर ओरडले.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी न्यायाधीशाला विचारलं होतं, की कायदा कशाला हवा. मग पोलिसाची मोटरसायकल आली आणि पुलावर गाडी उभी केल्याबद्दल दंडाची पावती झाली. पोलिसाचा दर एकच असतो, त्याला कोटेशनं लागत नाहीत. आम्ही सगळे ऑटो पकडून सदनात गेलो. काकू मात्र आल्या नाहीत. ‘‘तुम्ही जा, मी बसते ह्यांच्याजवळ,’’ म्हणाल्या आणि पुलाच्या कठड्यापाशी सावली बघून टेकल्या. शेवटचं मी मागे वळून पाहिलं तेव्हा दोघं पुरणपोळी खात होते आणि काका तिसऱ्या क्रेनची वाट बघत होते.

आता ह्या गोष्टीतला खरा खलनायक सांगायचा तर तो नियमच. दिल्ली आणि आसपासच्या भागात डिझेलची गाडी दहा वर्षांची झाली की ती रस्त्यावर चालत नाही. विकायची तर त्या आधी परवानगी काढून दुसऱ्या राज्यात पाठवायची, नाहीतर भंगारात. काकांनी गाडी घेतली तेव्हा ती सात वर्षांची होती. आम्ही सगळ्यांनी त्यांना सांगून पाहिलं. काका हसले.

‘‘मुदतवाढ मिळेल.’’

‘‘आणि नाही मिळाली तर?’’

‘‘सरकारात मुदतवाढ मिळाली नाही असं एक उदाहरण दाखव,’’ ते म्हणाले. ‘‘एक! मी अख्खी नोकरी मुदतवाढी तपासण्यात घालवली आहे.’’

मुदतवाढ मिळाली नाही. त्याच हिवाळ्यात धुळ्याहून ताईंच्या मुलाचा फोन आला, की ताई पडल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून माणसं ओळखेनाशा झाल्या आहेत. सुनेला बाई म्हणतात, मुलाला भाऊजी म्हणतात. त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गेले. काका बॉनेटला कान लावून इंजिनाचा आवाज ऐकत होते.

‘‘काका, काकूंना आत्ताच्या आत्ता धुळ्याला घेऊन जा. विमानाने न्या, रेल्वेने न्या, पाठुंगळी न्या.’’

‘‘नेणारच आहे,’’ काका म्हणाले. ‘‘गास्केट तेवढं पुन्हा…’’

‘‘तुमचं गास्केट गेलं खड्ड्यात!’’ मी म्हणाले, आणि रडत वर आले. वर काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, काय झालं विचारलं नाही. खिडकीतून सगळं ऐकू आलं असणार.

त्यानंतर काकू बदलल्या असं मी म्हणणार नाही. त्या आतून तयारच होत्या. त्यांनी एवढंच केलं, की चाळीस वर्षं नवऱ्याचा जो नियम त्यांनी सोसला होता तो पहिल्यांदा स्वतः वापरला.

गाडी विकायची ठरली. विकताना नियम उलटा: जो सगळ्यात जास्त देईल तो ‘एच-वन’. दिल्लीतल्या एका दलालाने ऐंशी हजार सांगितले, दुसऱ्याने पंच्याहत्तर. जेवताना काकूंनी काकांना भात वाढला आणि विचारलं, ‘‘तिसरं कोटेशन नको का?’’

‘‘हवं ना. बिल्कुल हवं.’’

‘‘ताईच्या मुलाच्या ओळखीचं एक जोडपं आहे धुळ्याचं. लग्नकार्याच्या जेवणांची कामं घेतात. भांडी वाहायला गाडी हवी आहे त्यांना. एक लाख पाच म्हणतात.’’

काकांना दुसरा पर्याय उरला नाही. नियम म्हणजे नियम. त्यांनी परवानगीची कामं धावपळ करून पुरी केली आणि ते जोडपं रेल्वेने दिल्लीला आलं. नवरा चाळिशीचा, कमी बोलणारा. बायको तरतरीत. दोन दिवस ती दोघं आमच्याकडे राहिली आणि दोन दिवस काकांनी त्यांना गाडीचं गुणगान ऐकवलं. इंजिन म्हणजे घड्याळ. क्लच लोण्यासारखा. ब्रेक? ब्रेक एकदम पहिल्या नंबरचे. गाडीला काहीही झालेलं नाही.

निघायचा दिवस उजाडला. सकाळची वेळ, नवरा स्टिअरिंगवर बसला, बायको त्याच्या शेजारी. काका खिडकीशी उभे राहून शेवटच्या सूचना देत होते. तेवढ्यात काकू लिफ्टमधून बाहेर आल्या. हातात पिशवी, काखेत उशी, मागून सोसायटीचा गार्ड एक सूटकेस आणि एक प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन. त्यांनी ते स्टूल दरवाजापाशी ठेवलं, माझा हात धरला आणि एक एक पाय करत आत चढून बसल्या. त्या दोघांना हे आधीच माहीत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

‘‘कुठे निघालीस?’’ काका म्हणाले.

‘‘धुळ्याला. ताईकडे.’’

‘‘ह्यांच्याबरोबर?’’

‘‘गाडीबरोबर,’’ काकू म्हणाल्या. ‘‘गाडीनेच जायचं असं तुम्हीच म्हणत होतात ना? तर जाते.’’

 काकांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली.

‘‘उतर खाली.’’

‘‘नाही उतरणार.’’

‘‘अगं, ब्रेक लागत नाहीत तिचे!’’

 आणि मग तीन वर्षं त्या माणसाने जे गिळून ठेवलं होतं ते सगळं बाहेर पडायला लागलं. पेडल दोनदा दाबावं लागतं, घाटात तर तीनदा. स्टिअरिंग डावीकडे ओढतं. पुढची कमान तडकलेली आहे, वेल्डिंग करून रंग फासला आहे. गास्केट दोनदा गेलंय, पुन्हा जाणार. मागचा दरवाजा आतून उघडत नाही. थांबायचं नावच घेईनात. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाला सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून, स्क्रूपर्यंत.

केटरिंगवाल्याच्या बायकोने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘काका, काल तर म्हणत होते ब्रेक पहिल्या नंबरचे. म्हणजे आम्ही दोघं मेलो असतो तर चाललं असतं का?’’

काकांनी मान खाली घातली.  एवढंच म्हणाले, ‘‘चुकलं माझं. गाडी आज जाणार नाही. उद्या जाईल.’’

मग ते स्वतः गाडी हळूहळू चालवत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे घेऊन गेले. मी मागे चालत गेले, मला ते चुकवायचं नव्हतं. मेकॅनिकने सगळं बघितलं आणि म्हणाला, ‘‘अंकल, रेट तो सुन लो पहले.’’

‘‘नहीं सुनना,’’ काका म्हणाले. ‘‘बस, ठीक कर दो. आप करो, जो करना है.’’

संध्याकाळपर्यंत ते तिथे एका टायरवर बसून होते. ब्रेकचा मास्टर सिलिंडर नवा, चाकांचे ब्रेक नवे, तडकलेली कमान नवी. सगळ्याचे पैसे काकांनी दिले आणि वर गाडीच्या किमतीतले वीस हजार त्या जोडप्याला परत केले. त्या दोघांनी घासाघीस केली नाही, घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पुन्हा स्टुलावरून चढल्या. ह्या वेळी त्यांच्या मागोमाग काका चढले, एका पिशवीत दोन शर्ट आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेऊन, आणि मागच्या बाकावर बसले. पुढे बसू का, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. पोचलो म्हणाल्या. वाटेत एकदाही गाडी बंद पडली नाही, ह्यांना तर विश्वासच बसत नव्हता, सारखे बॉनेटकडे बघत होते. मी विचारलं, ‘‘आणि ताई?’’



‘‘ताईनं ह्यांना ओळखलं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘दारातून आत आलो तर लगेच म्हणाली, आलात? गाडी आणलीत? हे म्हणाले, हो, आणली, बाहेर उभी आहे. फार आनंद झाला तिला. खिडकीशी नेऊन दाखवली.’’

‘‘आणि तुम्हाला?’’

‘‘मला नाही गं ओळखलं. माझा हात धरून बसली होती सारखी, सोडायलाच तयार नव्हती. मग ह्यांनाच विचारलं, ही बाई कोण आहे हो तुमच्याबरोबर? फार मायाळू आहे.’’

 काकूंनी पुढे सांगितलं.

‘‘हे तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, ही तुमची धाकटी, ताई. तुम्ही वाढवलेली. ती केव्हाच येणार होती, मीच येऊ दिलं नाही.’’

‘‘मग ताई काय म्हणाल्या?’’

‘‘माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, हिची वेणी कुणी घातली नाही का आज?’’

काकू महिनाभर धुळ्याला राहिल्या. काकाही तिथेच राहिले, आणि रोज सकाळी दोघी बहिणींना एकमेकींची ओळख करून द्यायचं काम त्यांनी केलं.